वर्षाचा एक अल्बम, दोन रकाने

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असताना माझ्या खोलीतल्या मित्राने आणि मी एक वही सुरू केली. दर साली निघालेल्या रॉक अल्बममधला आपल्याला सर्वांत आवडलेला एकच निवडायचा आणि वहीत लिहायचा. डावीकडे माझी निवड, उजवीकडे त्याची. तेव्हा आमचं इंग्रजी यथातथाच होतं. गाण्यातले निम्मे शब्द कळत नसत. पण गिटार आणि ड्रम कळायला इंग्रजी लागत नव्हतं.

नियम मी केले. अल्बम त्याच सालचा हवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत निदान सात वेळा ऐकलेला हवा. प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण आणि सगळ्यांची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत. मित्र म्हणायचा, "गाणं ऐकायलास का पेपर तपासायलास?" पण गुण तोही द्यायचा. त्याचे गुण बेफाम असत. एका गाण्याला दहा, तर लगेच पुढच्याला दोन. विचारलं तर म्हणे, "दुसऱ्यात ड्रमवाला झोपलाय बघ."

कॉलेज संपल्यावर तो लातूरला वडिलांच्या दाळमिलमध्ये बसला. मी पाटबंधारे खात्यात लागलो आणि नांदेडला स्थिरावलो. लग्नं झाली, मुलं झाली, कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. वही राहिली. दिवाळीनंतरच्या रविवारी एका वर्षी तो नांदेडला यायचा, पुढच्या वर्षी मी लातूरला जायचो. वर्षभरातले चार-पाच अल्बम दोघांनी ऐकून ठेवलेले असायचे. गुण वाचायचे, भांडायचे, जेवायचं आणि वहीत एकेक ओळ लिहायची. एकतीस वर्षं यात खंड पडला नाही.

माझं काम आकडे तपासण्याचं आहे. तलावावरचा माणूस रोज मोजपट्टीवरची पाणीपातळी वाचून रजिस्टरात लिहितो. कधी एखादा आळस करतो आणि तलावावर न जाता घरी बसून आकडे भरतो. ते ओळखू येतात. खरे आकडे वेडेवाकडे असतात. घरी बसून भरलेले फार शहाण्यासारखे वागतात.

तीन वर्षांपूर्वी मित्राचे गुण शहाण्यासारखे वागू लागले. सात, आठ, सात, साडेसात. दहा नाही, दोन नाही. मला वाटलं, वय झालं, धंदा वाढला, कंटाळला असेल. दुसऱ्या वर्षीही तेच, तिसऱ्याही. मी मनातल्या मनात चिडत गेलो. ऐकायचं नसेल तर तसं सांगावं. खोटे गुण कशाला?

या वर्षी पाळी माझी लातूरला जायची होती. त्याच्या महिनाभर आधी मी त्याला पेन ड्राइव्हवर चार अल्बम भरून पाठवले होते. त्यातल्या एका अल्बमचं पाचवं गाणं भरताना कोरं गेलं होतं. साडेचार मिनिटं नुसती शांतता. हे माझ्या लक्षात आलं ते लातूरला निघायच्या आदल्या दिवशी, भरलेली प्रत घरी लावून पाहिली तेव्हा. चूक माझी होती. फोन करून सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. तो काय गुण देतो ते मला पाहायचं होतं.

रविवारी त्याच्या बैठकीत आम्ही बसलो. वहिनी फोडणीचे पोहे घेऊन आल्या आणि तिथेच टेकल्या. त्याने आपला कागद पुढे केला. पाचव्या गाण्याला आठ होते.

मी म्हणालो, "पाचवं कसं वाटलं?"

"चांगलं हाय. गिटार लई भारी वाजवलंय."

"त्यात गिटार नाही. त्यात काहीच नाही. ते कोरं आहे."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी थांबायला हवं होतं. पण मी थांबलो नाही. "आमच्या खात्यात असे आकडे भरणाऱ्याला मी मेमो देतो," असं मी म्हणालो, वहिनींच्या देखत. "तीन वर्षं फसवतोयस. ऐकायचं नव्हतं तर वही बंद करायची होतीस."

मी रागाने मान खाली घालून वही चाळू लागलो आणि खालमानेनेच विचारलं, "बोल की, का केलंस असं?"

उत्तर आलं नाही. मान वर केली तेव्हा तो अजून माझ्या तोंडाकडेच बघत होता. मी काही विचारलं आहे हे त्याला कळलंच नव्हतं.

वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्यान्ला ऐकू येत न्हाई."

त्या सांगत गेल्या. तीस वर्षं मिलच्या यंत्रांशेजारी उभं राहून दोन्ही कान गेले होते. समोर तोंड दिसलं की ओठांवरून पुष्कळसं कळायचं, आणि फोन त्याच घ्यायच्या. कानात घालायचं यंत्र आणलं होतं. त्याने बोलणं थोडंफार कळतं, पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गाणं पहिल्यासारखं येणार नाही.

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्हालाच सांगू नको म्हनले. वही बंद पडंल म्हनले."

गेली तीन वर्षं तो इंटरनेटवर लोकांची मतं वाचून गुण देत होता. एवढ्यात त्याला आमचं बोलणं उमगलं असावं. त्याने खिशातून यंत्र काढून कानात घातलं आणि हसायचा प्रयत्न केला.

"ह्याच्यातून गाणं ऐकलं की पत्र्यावर खडी ओतल्यागत वाटतंय गड्या. ड्रम तेवढा छातीत लागतो, साऊंड बॉक्सला हात लावला की. बाकी कायच न्हाई." मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाला, "खोड. तिन्ही सालं खोड. तुझ्या खात्यात कसं खोडतात तसं."

खात्यात चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारतात, खालचं दिसेल अशी, आणि शेजारी सही घेतात. मी तीन रेघा मारल्या. त्याने तीन सह्या केल्या. माझ्या हाताने मारलेल्या रेघांपैकी या तीन मला कायम आठवतील.

"आता या सालचं काय लिहू?" मी त्याच्याकडे तोंड करून, सावकाश विचारलं.

त्याने वही मागे मागे चाळली. मग त्याने हॉस्टेलच्या शेवटच्या वर्षातल्या एका अल्बमचं नाव घेतलं. "ते रोज ऐकतो मी. मिलमध्ये बसलो की डोक्यात आपोआप सुरू होतंय. पहिल्यापास्नं शेवटपर्यंत, मधलं एक गाणं गळत न्हाई. नियमात बसत न्हाई, म्हाईत हाय मला."

मी ते नाव या सालच्या ओळीत, उजवीकडे लिहिलं. वहीत नियमाबाहेरची ती पहिली नोंद.

"गुण?"

"घे." त्याने यंत्र काढून ठेवलं, डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी ताल धरला. बराच वेळ तो ताल चालला. मधेच मान हलली, एकदा तो हसला. "पहिल्याला नऊ." मग दुसऱ्याला सहा. "तिसऱ्याला दोनच दे, उगं लांबवलंय." चौथ्याला दहा, पाचव्याला दहा. वहिनी दाराशी उभ्या राहून बघत होत्या. मी एकेक आकडा लिहीत गेलो.

सहाव्याला बोटं थांबली. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. डोळे उघडून तो म्हणाला, "सहावं कसं सुरू होतंय रे?"

मला ते पाठ होतं. मी खुर्ची जवळ ओढली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि मला जमेल तसं गुणगुणलो. मग मोठ्याने. मग त्याच्या मांडीवर माझ्या बोटांनी वाजवून पाहिलं. त्याने मन लावून ऐकण्याचा प्रयत्न केला. लहान मुलाला कोडं सुटू नये तसा त्याचा चेहरा झाला होता. शेवटी त्याने मान हलवली.

"कालपर्यंत होतं रे," तो म्हणाला.

त्याने माझा हात धरून आपल्या मांडीवरून बाजूला केला, डोळे पुसले आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. सातवं घे."

मी सहाव्याची जागा कोरी सोडली आणि खाली सातव्या गाण्याचा क्रमांक लिहून त्याच्या गुणांची वाट बघत बसलो.