वाचणाऱ्याचा आवाज

आमच्या घरात रक्त सांडलं ते पेपरातल्या एका लेखावरून. कुणाला सांगितलं तर हसतील. हसा, खुशाल हसा.

यांची नजर हळूहळू गेली. आधी अंधुक, मग पुरता काळोख. पण पेपरचं वेड काही जाईना. वाचून दाखवणाऱ्या मशीनचा आवाज यांना सोसत नाही, आणि माझं वाचन म्हणे स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखं. म्हणून यांचे जुने मित्र, मी त्यांना भाऊजी म्हणते, रोज सकाळी आमच्या या अमेरिकेतल्या एडिसन गावाच्या दुसऱ्या टोकाहून ड्राइव्ह करत यायचे. चहा झाला की ड्राइव्ह-वेवरून उचलून आणलेला पेपर उघडायचे आणि मतांच्या पानावरचे लेख इंग्रजीवरून थेट मराठीत सांगायचे. "आयुष्यभर ऑफिसात इंग्रजीच ऐकलं, आता तरी मराठीत ऐकू दे," हा यांचा हट्ट. तरुणपणी इथे आल्यावर दोघं एकाच खोलीत राहिलेले, एकाच कुकरमधला भात खाल्लेले. फक्त राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की एक या पक्षाचा, दुसरा त्या पक्षाचा. त्यावरून रोज तोंडातोंडी व्हायची, आणि शेवटी एकमेकांना टाळी देऊन उठायचे. मला बरं वाटायचं हो. घरात माणसाचा आवाज असायचा.

यंदा मात्र हे आतल्या आत मिटत गेले. ज्या लेखकावर यांचा जीव, तोसुद्धा यांच्याच उमेदवाराला झोडपतोय असं रोज ऐकू यायला लागलं. हेकट आहे, थकलाय, लोकांना फसवतोय. "आपल्या माणसांनीच सोडलं गं त्याला," म्हणायचे. जेवण तुटलं. एक दिवस टपालाने आलेल्या मतपत्रिकेचा लखोटा माझ्याकडे ढकलला आणि म्हणाले, "फेकून दे. मी यंदा मत देणार नाही." नजरेबरोबर यांची गाडी गेली, बँकेची कामं गेली, सही करायची तरी मी हात धरून जागा दाखवायची. स्वतःचं म्हणावं असं तेवढं एक मतच उरलं होतं या माणसाकडे.

दुसऱ्या दिवशी भाऊजी वाचत असताना मी चिरायला घेतलेली भाजी तशीच टाकली आणि गुपचूप त्यांच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले. लेखात होतं, हा माणूस दबावाला बधत नाही. भाऊजी सांगत होते, हा माणूस कुणाचंच ऐकत नाही. पुढचा अख्खा परिच्छेद कौतुकाचा होता. तो त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकला!

माझं डोकंच फिरलं. पेपर हिसकावला आणि तो परिच्छेद शब्दन्शब्द मोठ्याने वाचला.

"वहिनी, उगाच राईचा पर्वत करू नका," भाऊजी म्हणाले, आणि मग यांच्याकडे वळून त्यांचा आवाज चढला. "अरे, तुझा पेपर तरी कुठला सरळ? तुझा माणूस शिंकला तरी देशसेवा, आणि आमचा पाणी प्यायला तरी कारस्थान! ते एका बाजूला वाकवतात, मी दुसऱ्या बाजूला वाकवून सरळ करतो, लेका! तुझ्या भल्यासाठीच..."

यांची काठी बसली ती भाऊजींच्या तोंडावरच. यांना नेम धरायची गरजच नव्हती, आवाज समोरूनच येत होता. दात तुटल्याचं मला ऐकू आलं. भाऊजींनी यांची कॉलर धरली आणि भिंतीवर आदळलं, तशी लग्नाच्या फोटोची काच फुटून खाली आली. सत्तरी ओलांडलेले दोघं, बैलासारखे भिडले होते. पुन्हा काठी फिरली, कप फुटले, दिवा फुटला. मग भाऊजींच्या लक्षात आलं, काठी आवाजामागे येतेय. ते मागे सरकले आणि फ्रिजला चिकटून गप्प उभे राहिले, तोंडावर हात, बोटांमधून रक्त. हे हवेतच काठी फिरवत होते. "बोल! रोज बोलतोस ना हरामखोरा? आता बोल ना!"

"अहो, थांबा!" मी किंचाळले.

पुढचा फटका माझ्या मनगटावर बसला.

इमर्जन्सी रूममध्ये आम्ही सांगितलं की भाऊजी जिन्यावरून पडले आणि त्यांना धरायला गेले तर मीही पडले. सुजलेल्या ओठांनी आधी भाऊजीच म्हणाले तसं. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत.

पेपर माझ्याकडे आला. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून मी डाव्या हाताने पानं उलटते आणि इंग्रजीतच, जसंच्या तसं वाचते. यांना त्यांचा उमेदवार परत मिळाला. चेहऱ्यावर तेज आलं, आमटी मागून घ्यायला लागले. एका संध्याकाळी म्हणाले, "तो लखोटा फेकला नाहीस ना? उद्या भरू." सुटले बाई, असं वाटलं मला.

सकाळी पेपर उघडला, तर त्याच लेखकाने यांच्या उमेदवाराला खरोखरच झोडपलं होतं. हेकटपणा, थकवा, फसवणूक, काही म्हणून सोडलं नव्हतं. गाळू का चार ओळी? नाही गाळल्या. शेवटपर्यंत वाचलं.

"म्हणजे तूसुद्धा," हे म्हणाले. "तूसुद्धा त्याच्यासारखंच वाचतेस."

अहो, शपथ घेऊन सांगते, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि यांचा हात खुर्चीला टेकवलेल्या काठीकडे गेलेला मला दिसला. मी तोंड मिटलं. वाजू नये म्हणून पेपर हातात तसाच धरून ठेवला आणि श्वास रोखून बसून राहिले.

"बोल ना," हे म्हणाले.