दुखणं आणि दाटणं

मी साताऱ्यात मराठी शिकवते. त्या दिवशी आठवीच्या वर्गात 'छटा' हा शब्द आला. एका मुलीनं विचारलं, "बाई, छटा म्हणजे रंगाची ना? मग शब्दाला कशी असेल?" मी फळ्यावर लिहिलं: मुसमुसणं, स्फुंदणं, टाहो फोडणं. "सगळं रडणंच. पण एकाच्या जागी दुसरं घातलं की माणूस बदलतो," असं मी मोठ्या झोकात सांगितलं.

घरी आले तर वडील ओसरीत बसून छाती चोळत होते. माण तालुक्यातले, फौजेतून निवृत्त झालेले. आजारपण सांगायचीच त्यांना लाज.

"आण्णा, छातीत दुखतंय?"

"दुखत न्हाई गं. दाटतंय."

"म्हणजे तेच ना?"

"तेच कसं? दुखणं येगळं. ह्ये वैरणीचा भारा वर ठेवल्यागत वाटतंय."

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गर्दी होती. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "छातीत दुखतं का?" वडील म्हणाले, "न्हाई." पुढं ते काही सांगणार, तेवढ्यात मीच बोलले, "दुखत नाही म्हणतात. दुपारचं जेवण जड झालं असेल." वडिलांनी माझ्याकडं पाहिलं आणि गप्प बसले. शिकलेल्या लेकीचं बोलणं चारचौघांत खोडायचं कसं, असं त्यांना वाटलं असावं. आम्ही पित्ताच्या गोळ्या घेऊन परतलो.

सकाळी चहाचा कप त्यांच्या हातून सुटला. घामानं सदरा चिंब भिजला होता. शेजाऱ्यांच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काल छातीवर ओझं ठेवल्यासारखं, दाटल्यासारखं वाटत होतं का?"

वडिलांनी मान डोलावली.

ते वाचले. पण हृदयाचा एक भाग निकामी झाला. रोज पहाटे चार मैल चालणारा माणूस आता फाटकापर्यंत जाऊन कट्ट्यावर टेकतो. मला एका शब्दानं बोलले नाहीत. एकदाच मी म्हणाले, "आण्णा, माझं चुकलं." तर म्हणाले, "जाऊंदे गं. मलाबी नीट सांगाया आलं न्हाई."

त्यांनी तर नीटच सांगितलं होतं.

वडील दवाखान्यात होते त्या आठवड्यात मुंबईहून भाऊ आला. दवाखान्याच्या जिन्यात त्यानं मला विचारलं, "आदल्या दिवशी काहीच बोलले नव्हते का गं?"

मी म्हणाले, "दुखत नाही म्हणाले होते."

त्याला ते पटलं. मी अजून खरं सांगितलेलं नाही.