हत्ती स्वयंपाकघरात असताना केलेली कॉफी

“हलवू नका. बसू द्या त्याले.” असं मलाही बजावून ती स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधायची, जणू त्यांच्यावरही तिचा फारसा भरवसा नव्हता. रायपूरच्या ज्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते, तिथल्या रसायनशाळेची ती सहायिका. परीक्षानळीतला गाळ खाली बसेपर्यंत कुणी नळीला बोट लावलेलं तिला खपत नसे. मुली तिला लॅबदीदी म्हणत. पुढे आम्ही शिक्षकही तेच म्हणू लागलो.

पुरानी बस्तीतून ती सायकलने यायची. माहेर भंडाऱ्याकडचं, त्यामुळे माझ्याशी तिकडचं मराठी बोलायची आणि मुलींशी हिंदी. लहान सुट्टीत माझी कॉफी तीच करी. माझा पितळी फिल्टर चिंच लावून लख्ख ठेवी, पण स्वतः घोटभरही घेत नसे. “पैसे देऊन कडू पानी पिता तुमी,” असं तोंडावर ऐकवायची.

मशीन नसेल तिथे मी कॉफी कशी करते, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. ती पद्धत या बाईची. ज्या सकाळी मी ती शिकले, तेव्हाइतकी भीती मला पुन्हा कधी वाटलेली नाही.

नववीच्या अठ्ठावीस मुलींना घेऊन आम्ही दोघी महासमुंदकडच्या जंगलात सहलीला गेलो होतो. विश्रामगृहात एक मोठी खोली होती आणि अंगणापलीकडे पत्र्याचं स्वयंपाकघर. सकाळी आठ वाजता मुली वेण्या घालत होत्या. स्वयंपाकी दूध आणायला गावात गेला होता. चौकीदार धावत खिडकीशी आला, ओठांवर बोट ठेवून “आवाज झन करव” एवढंच पुटपुटला आणि पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढला. मी दार लावलं. तेवढ्यात पलीकडचा पत्रा फाटल्याचा आवाज आला. तांदळाच्या वासाने हत्ती आले होते. एक स्वयंपाकघरात होता, तीन अंगणात. सर्वांत जवळचा आमच्या भिंतीला अंग घासत होता, आणि आतल्या बाजूने चुन्याचे पोपडे गळत होते.

मुली भिंतीपासून दूर, मधोमध एकमेकींना चिकटून बसल्या. चौकीदाराने आदल्या दिवशीच बजावलं होतं, की किंचाळलं तर हत्ती बिथरतो. बिथरला तर ते दार त्याला कागदासारखं होतं. एक लहानखुरी मुलगी हुंदके देऊ लागली. तोंडावर हात दाबूनही आवाज बाहेर येत होता. मी तिच्याकडे रागाने पाहिलं. मला दुसरं काही सुचलंच नाही. या सगळ्यांना घरी नेईन, अशी सही मी अठ्ठावीस घरांसाठी केली होती.

लॅबदीदी माझ्या कानाशी आली. “मॅडम, तुमची कॉफी राह्यली नं.”

बाईचं डोकं फिरलं असं मला वाटलं. फिल्टर, पातेलं, गाळणी, सगळं हत्तीपाशी होतं. खोलीत होता तो माझ्या घशासाठी नुकताच भरलेला गरम पाण्याचा थर्मास, पिशवीत कॉफीचा डबा आणि दोन स्टीलचे पेले. तिने पेला गरम पाण्याने विसळला. दोन चमचे भरून पूड घातली आणि ती भिजेल एवढंच पाणी ओतलं. पूड फुगून आली. मग ती पेला काठोकाठ भरू लागली, आणि नेमकी तेव्हाच भिंत हादरली. पाणी तिच्या मनगटावर सांडलं. वाफ मला दिसली. तिने डोळे मिटले, उघडले आणि पेला वहीने झाकला.

थोड्या वेळाने तिने वही काढली, वर तरंगणारी पूड चमच्याने एकदाच मोडली आणि त्यावर एका मुलीच्या बाटलीतलं चमचाभर गार पाणी शिंपडलं. पेला त्या रडणाऱ्या मुलीसमोर ठेवला.

“बेटा, आखरी दाना नीचे बैठेगा तो मेरे को बताना. जोर से सांस भी मत लेना, सब उठ जाएगा.”

मुलगी वाकली. तिच्यामागून दुसरी वाकली, मग सगळ्याच. पूड कडेकडेने खाली जात होती. बाहेर पत्र्यावर पाय पडत होता, आणि आत अठ्ठावीस मुली श्वास रोखून एका पेल्यात बघत होत्या. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. शेवटी त्या मुलीने मान वर करून हळूच होकार दिला.

लॅबदीदीने पेला तिरपा करून कॉफी अलगद दुसऱ्या पेल्यात ओतली, तळाचे दोन घोट तसेच सोडले. थर्मासच्या झाकणातून एकेकीला जेमतेम जीभ भिजेल एवढी दिली. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, पण चकार शब्द निघाला नाही. उरलेल्यातली मी प्यायले. स्वच्छ होती, दाताखाली एक कण आला नाही. शेवटचा घोट तिच्यापुढे केला तेव्हा तिने मानेनेच नाही म्हटलं.

तासाभराने हत्ती रानात वळले आणि चौकीदार शिडीवरून उतरला.

गेल्या वर्षी लॅबदीदी गेली. मला बातमी उशिरा कळली. ती आठवते तेव्हा डोळ्यांपुढे हत्ती आले त्याच दिवशीची संध्याकाळ येते. शाळेच्या फाटकाशी आमची बस थांबली. नाव वाचून मी एकेक मुलगी तिच्या आईबापांच्या हाती दिली. ती छोटी शेवटची होती. वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून ती वळणाआड गेली. मी बसमध्ये परतले तेव्हा लॅबदीदी सर्वांत मागच्या बाकावर होती. पदराने गुंडाळलेलं मनगट छातीशी धरलं होतं. रिकाम्या बाकांवरून तिने माझ्याकडे पाहिलं.

“साऱ्या गेल्या का घरी?”

“गेल्या.”

“मंग आता रडू का, मॅडम?”