डोमाभाऊंची धाप

अन्याय डोमाभाऊंवर झाला. गेल्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी, दुपारच्या खेळाला, वडसाच्या टॉकीजमध्ये. त्यांनी काम केलेल्या सिनेमात पडद्यावर तोंड त्यांचं हलत होतं आणि आवाज भलत्याच माणसाचा. तीन आठवड्यांपूर्वी ते गेल्याची बातमी आली, तेव्हा रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. का, ते सांगते.

आमच्या शेजारचे डोमाभाऊ पावसाळ्यात तळ्यावर जाळं टाकत आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत लोकांना हसवत. नाटकाच्या गावी पोचले की आधी वस्तीत फिरायचे. "बाई, तुमच्या भांडखोर कोंबड्याले आज नाटकात घेऊ का?" बाई हो म्हणाली तरच तो कोंबडा त्यांच्या संवादात यायचा. कोंबड्यासाठी परवानगी मागणारा हा माणूस... आणि त्याचा गळा सिनेमावाल्यांनी न विचारता बदलला! म्हणे, बोली शुद्ध नव्हती.

मी भडकले, पत्रक लिहिलं. त्यात डोमाभाऊंच्या नावानं वाक्य टाकलं : 'माझ्या स्वराचा हक्क मला सन्मानपूर्वक परत मिळालाच पाहिजे.' जाळं विणता विणता त्यांनी ते वाचलं.

"काऊन वो पोरी, हा कोन बोलून राह्यला?"

"तुम्हीच, भाऊ."

"मी? त्यायनं पडद्यावर केलं, तू कागदावर केलं. मले दोघायनंबी इचारलं नाई!" आणि खो खो हसले.

पत्रकांचा सगळा गठ्ठा फाडला. मग ते बोलले तसंच लिहिलं : 'माह्या तोंडातून दुसरा मानूस बोलून राह्यला. त्याले बाहेर काढा.' त्या पत्रकावर गावोगावच्या नाट्यमंडळांनी सह्या केल्या, आणि शेवटी निर्माता नमला; भाऊंचाच आवाज पुन्हा भरून घ्यायला तयार झाला.

तोवर भाऊंची छाती पार खराब झाली होती. चंद्रपूरच्या स्टुडिओत दोन वाक्यांत दम लागायचा. "काका, धाप ऐकू येते. दुसऱ्याकडून करून घेऊ?" ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला.

"राहू दे. धापबी माहीच हाय."

संध्याकाळ होईस्तोवर सगळं काम त्यांनी पुरं केलं. बाहेर पायरीवर टेकले, चहा मागवला, म्हणाले, "आता मेलो तरी मीच मेलो."

...म्हणून मला हायसं वाटलं.

पण जुनी प्रत अजून फिरते आहे. यंदा तुमच्या गावात हा सिनेमा लागला, तर डोमाभाऊंच्या आवाजातली प्रत मागा. दुसरा आवाज निघाला, तर गप बसू नका. उठा आणि मशीन बंद करा.