मावशी 'हो' म्हणाल्या तेव्हा

माझ्या बायकोच्या मावशींनी उभ्या आयुष्यात कुणाचंही म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य केलेलं नाही. सावेडीतल्या त्यांच्या फ्लॅटची बेल वाजवून "मावशी, आहात का घरी?" असं विचारलं, तरी आधी आतून "नाही" असं उत्तर येतं आणि मग दार उघडतं. "आज ऊन फार आहे," म्हटलं की "नाही, कालच्यापेक्षा कमीच आहे." दुसऱ्या दिवशी ऊन कमी आहे म्हणून पाहिलं, तर "नाही, उकाडा बघा की." रविवारी चर्चमध्ये उपदेश चालू असताना त्यांची मान आडवी हलत असते. पाळकसाहेब आता त्यांच्या बाकाकडे न बघता बोलायला शिकले आहेत. मावशी शाळेत शिक्षिका होत्या. रस्त्यात भेटलेल्या जुन्या विद्यार्थ्याने "बाई, बऱ्या आहात ना?" असं विचारलं, तर आधी त्याची कॉलर सरळ केली जाते आणि मग "नाही, गुडघे दुखतात" हे उत्तर मिळतं.

पाण्याशी त्यांचं वैर मात्र वेगळ्या कारणाचं आहे. माहेरी कोल्हारला जायचं ठरलं की त्या आदल्या संध्याकाळपासूनच पाणी पिणं बंद करतात, कारण बाहेरच्या बाथरूमवर त्यांचा विश्वास नाही. एकदा वाटेत हॉटेलपाशी गाडी थांबवून बायकोने विचारलं, "मावशी, जाऊन येतेस का? स्वच्छ आहे."

"तू बघून आलीस?"

"हो."

"मग तुझं झालं. मला नाही."

तो विषय त्यांच्या तोंडून कधी निघत नाही. यजमान हयात होते तेव्हा त्यांनाही "आलेच" एवढंच सांगितलं जायचं. उन्हाळी लागून जळजळ झाली, तर कुणाला न सांगता धने भिजवून त्याचं पाणी प्यायचं आणि वर "काही नाही झालं" म्हणायचं, ही त्यांची रीत. पण सगळ्यांत ठाम 'नाही' त्यांनी राखून ठेवलं ते पुण्यासाठी. आईने आपल्याकडे राहायला यावं म्हणून तिथला मुलगा कित्येक वर्षं मागे लागला आहे. "तुमच्या त्या वरच्या मजल्यावर चिमणी तरी येते का?" "येते, आई." "नाही येत." तिथे चर्चा संपते.

गेल्या उन्हाळ्यात मुलगा भेटायला आला, तेव्हा मावशी खिडकीशी गप्प बसल्या होत्या. शेजारणीने आणून दिलेली भाजी अळणी होती. ती त्यांनी मुकाट्याने खाल्ली. यजमानांचा डबा भरायचा राहिला, असं त्या म्हणाल्या. यजमान जाऊन बराच काळ झाला आहे. मुलाने धीर करून विचारलं, "आई, आता पुण्याला चलायचं ना?"

"व्हय," मावशी म्हणाल्या. "जाऊ की."

कोल्हारचं हे 'व्हय' त्यांनी शिक्षिका झाल्यापासून टाकून दिलं होतं. मुलाचे डोळे भरून आले. आईला विसर पडू लागला, आता तिला एकटीला ठेवायचं नाही, असं त्याने ठरवलं. बॅग भरली गेली. फ्लॅट विकायचंही बोलणं निघालं. आम्ही निरोप द्यायला गेलो, तर हे सगळं ऐकून माझी बायको दारातच थांबली.

"पुण्याला हो म्हणाली? दादा, मावशी आजारी आहे."

"अगं, ताप कुठंय तिला?"

"ताप नसेना. ती हो म्हणाली."

दवाखान्यात हे लक्षण सांगताना आम्हाला संकोच वाटत होता, पण डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "असं कधीपासून?" त्यांनी विचारलं. फोनवर परवापर्यंत तर भांडत होती, असं मुलगा म्हणाला. "मग हे वयाचं वाटत नाही. तो विसर हळूहळू येतो, असा दोन दिवसांत नाही." लघवीला वारंवार जातात का, जळजळ होते का, ओटीपोटात दुखतं का, असं त्यांनी विचारलं. घरातल्या कुणालाच सांगता येईना. मावशींना विचारलं, तर त्यांनी प्रत्येक प्रश्नाला "व्हय" म्हटलं, त्यामुळे त्या उत्तरांचा काही उपयोग नव्हता. तपासणीत लघवीचं इन्फेक्शन निघालं. उतारवयात कधीकधी ताप किंवा जळजळ ठळक दिसत नाही, माणूस एकाएकी भ्रमल्यासारखं वागू लागतं, हे डॉक्टरबाईंनी मुलाला समजावून सांगितलं. मावशींना दाखल करून घेतलं, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू झालं.

काही दिवसांनी सकाळी मुलाने विचारलं, "आई, बरं वाटतंय ना?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "आणि ही बॅग कुणी भरली? साड्यांच्या घड्या अशा घालतात?"

मुलगा कॉटच्या कडेला बसला आणि बराच वेळ हसत राहिला. बॅग सावेडीला परत गेली.

तेव्हापासून बायको रोज संध्याकाळी मावशींना फोन करते. आधी पाणी प्यायलीस का विचारते, मग मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलते. "मावशी, आज शनिवार ना?" "नाही, शुक्रवार." ते ऐकलं की आमच्याकडे पानं वाढली जातात. मागच्या आठवड्यात मात्र पलीकडून उत्तर आलं, "असेल बाई."

आम्ही तसेच स्कूटर काढून गेलो आणि रिक्षाने त्यांना दवाखान्यात नेलं. तपासणी झाली. लघवी स्वच्छ होती, ताप नव्हता. वार, तारीख, आपण कुठे आहोत, सगळं त्यांनी बिनचूक सांगितलं.

"मग 'असेल' कशाला म्हणालीस?" बायकोने विचारलं.

मावशींनी आधी तिच्या खांद्यावरची पर्स सरळ केली.

"दमले गं," त्या म्हणाल्या. "दर वेळी किती सांगत बसायचं."

डॉक्टरबाईंनी औषध लिहायला पेन उचललं होतं, ते त्यांनी खाली ठेवलं.