दिघाशीच्या भरावावर उतरलेलं विमान

इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा तेवीसशेवरून एकवीसशेवर आला, तेव्हा सामंतकाका मला सांगत होते, "अजून थोडं डावीकडे घे. नदीचं वळण पूर्ण यायला हवं."

मी डावीकडे घेतलं. काटा दोन हजारावर आला. पॉवर कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलला मी हात लावला नव्हता.

विमान लहान होतं. चार आसनं, एक इंजिन, पुढे एक पंखा. मागची आसनं काढून तिथे मोठा कॅमेरा बसवला होता, आणि त्याच्यासाठी विमानाच्या पोटाला भोक पाडलेलं. भिवंडी शहर आणि आसपासच्या गावांचा नवा नकाशा करायचा होता. त्यासाठी आम्ही सकाळी जुहूहून निघून शहरावर शेतात नांगर फिरवावा तशा सरळ रेघा मारत होतो. मी विमान चालवत होते, सामंतकाका फोटो काढत होते. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मला नोकरी लागून दोन वर्षंही झाली नव्हती.

शहराचं काम साडेनऊला संपलं. खालून निजामपुरा गेला. आमचं घर तिथलंच, पण तीन हजार फुटांवरून पत्र्यांच्या गर्दीत ते कधीच सापडलं नाही. मग वज्रेश्वरीच्या बाजूला तानसा नदीचे काही फोटो खालून घ्यायचे होते, म्हणून मी पॉवर कमी करून बाराशे फुटांवर आले. नोव्हेंबर होता. नदीवर धुकं अजून पातळ पसरलेलं होतं. सकाळ सुंदर होती. नेमकी अशीच सकाळ अशा इंजिनाला चालत नाही.

ते का, हे सांगते. जुन्या स्कूटरसारखा या इंजिनालाही कार्ब्युरेटर असतो. तिथे पेट्रोल हवेत मिसळतं आणि मिसळताना हवा एकदम गार पडते. हवा दमट असेल तर तिच्यातल्या पाण्याचा आतल्या आत बर्फ होतो. बाहेर आपण अर्ध्या बाहीचा शर्ट घालून बसलेले असतो आणि तिकडे इंजिनाचा घसा बर्फाने बंद होत असतो. यावर उपाय सोपा आहे. समोर एक नॉब असतो. तो ओढला की एग्झॉस्टजवळची गरम हवा कार्ब्युरेटरमध्ये जाते. बर्फ वितळतो, इंजिन जरा खोकतं आणि पुन्हा नीट चालायला लागतं.

मी नॉब ओढला. इंजिन खोकलं नाही. सुधारलंही नाही. काटा अठराशेवर आला.

"काका, कॅमेरा बंद करा. पट्टा घट्ट बांधा."

"काय झालं?"

"खाली उतरावं लागेल."

त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. सामंतकाका अकरा वर्षं अशा विमानांतून फोटो काढत होते आणि अकरा वर्षं त्यांना भीती वाटत होती. मला पहिल्याच दिवशी त्यांनी ते सांगून टाकलं होतं. "मोठ्या विमानात मला काही वाटत नाही गं. तिथे पेपर वाचायचा, सँडविच खायचं. इथे पायलटच्या मानेवरचा घाम दिसतो." आता तो त्यांना दिसत असणार.

मी रेडिओवर मेडे दिला. म्हणजे आम्ही संकटात आहोत, आमच्यावर लक्ष ठेवा. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, जागा कुठली. मी म्हटलं, भिवंडीच्या उत्तरेला, दिघाशीजवळ. इंजिन थांबलं तरी विमान दगडासारखं पडत नाही, घसरगुंडीवरून यावं तसं तरंगत खाली येतं. पण बाराशे फुटांवरून ती घसरगुंडी दीड-दोन मिनिटांची असते. तेवढ्यात जागा शोधायची.

भाताची कापणी झालेली होती. वरून शेतं मोकळी आणि सपाट दिसतात. पण मी भिवंडीची आहे. प्रत्येक वावराला बांध असतो हे मला माहीत होतं. पुढचं चाक बांधाला अडकलं की विमान उलटं होतं. शिवाय कापलेल्या भाताचे भारे उचलायला बायका शेतात उतरलेल्या. रस्त्यावर टेम्पो होते. मग उजवीकडे तांबडा पट्टा दिसला. कोणीतरी गोडाऊनसाठी जमिनीवर मुरूम टाकून रोलर फिरवला होता. लांबट, सपाट, अजून काही न बांधलेला. एका टोकाला टिपर उभा. दुसऱ्या टोकाला हाय टेन्शनच्या तारा.

तारांच्या बाजूनेच यावं लागणार होतं, कारण उतरताना वारा समोरून लागतो आणि तो त्या दिशेनेच मिळत होता.

तारा चाकांखालून गेल्या. मग वेग कमी करायला पंखांमागचे फ्लॅप पूर्ण खाली, पेट्रोल बंद, स्विच बंद. पंखा थांबला. फक्त वाऱ्याचा आवाज. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. मी ब्रेक दाबले. मुरूम उडाला, समोर काही दिसेना. थांबलो तेव्हा टिपर आमच्यापासून साठेक पावलांवर होता. त्याचा ड्रायव्हर दार उघडून पळाला होता.

"काका?"

"आहे मी," ते म्हणाले. नंतर थोड्या वेळाने म्हणाले, "चष्मा सापडत नाहीये." तो त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता.

आम्ही उतरलो. मी विमानाभोवती एक फेरी मारली. ओरखडासुद्धा नव्हता. मग मी पंखाच्या सावलीत खालीच बसले.

पाच मिनिटांत अर्धं गाव जमलं. सगळ्यांत पुढे पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ. बाळाराम भोईर, जमिनीचे मालक.

"कोनाला लागला न्हाय ना?"

"नाही."

"मग बरा झाला." त्यांनी विमानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पन मॅडम, हितं गोडाऊन येनार हाय. इमानतल न्हाय."

मी हसले. हसू थांबेना. ते घाबरले असावेत, कारण त्यांनी लगेच आईला हाक मारून चहा आणायला सांगितला. मग स्वतःच्या माणसांना लावून विमानाभोवती सुतळी बांधून घेतली. टिपरचा ड्रायव्हर परत आला होता. त्याने लांबूनच विचारलं, "मॅडम, पेट्रोल खतम हुआ क्या?" पुढे दिवसभरात हा प्रश्न मला निदान तीस जणांनी विचारला.

मोबाईलला रेंज टिपरच्या मागे उभं राहिल्यावर येत होती. मी कॅप्टन राण्यांना फोन लावला. ते आमचे बॉस. पायलट म्हणून उत्तम, पण कंपनीकडे दोनच विमानं आणि नकाशाचं काम आधीच लांबलेलं.

"दोघंही ठीक आहात?"

"हो सर."

"विमान?"

"एक ओरखडा नाही."

"शाब्बास. आता एक कर. माणसांना लांब कर आणि इंजिन स्टार्ट करून बघ."

मी स्टार्ट केलं. पहिल्या झटक्यात सुरू झालं. पूर्ण पॉवर दिली. काटा सरळ वर गेला, आवाज खणखणीत. इंजिन जणू आत्ताच दुकानातून आणलं होतं. मी बंद केलं आणि पुन्हा टिपरच्या मागे गेले.

"बघ," राणे म्हणाले. "बर्फ होता, वितळला. पट्टा किती लांब आहे?"

"चारशे मीटर असेल. एका टोकाला हाय टेन्शनच्या तारा आहेत."

"भरपूर झाला. सामंतांना जीपने पाठव. तू एकटी, पेट्रोल अर्धं, विमान हलकं. तारांकडे पाठ करून टेकऑफ घे आणि अर्ध्या तासात जुहूला ये. नाहीतर संध्याकाळपर्यंत तिथे टीव्हीवाले येतील, मग चौकशी लागेल आणि विमान महिनाभर तिथेच."

"सर, इंजिनिअरने बघितल्याशिवाय..."

"काय बघणार तो? वितळलेला बर्फ? तुला जमत नसेल तर सांग. मी दुसरा पायलट पाठवतो."

हे शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम म्हटलं. लहान विमानाच्या नोकऱ्या त्या वेळी बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या आणि एकेका खुर्चीमागे वीस मुलं उभी असायची. त्यात मी मुलगी. 'तिला जमलं नाही' हे वाक्य जुहूच्या हँगरमध्ये किती दिवस फिरलं असतं, हे मला ठाऊक होतं.

"दहा मिनिटांत सांगते," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मी निम्मी तयार झाले होते. मी पट्टा पावलांनी मोजला. चारशेच्या वर भरला. मुरूम घट्ट होता. टिपर हलवला असता तर अजून जागा मिळाली असती. हिशोब जमत होता. पुस्तकातलं कुठलंही गणित मला थांबवत नव्हतं.

भोईरांची आई चहा घेऊन आली. सत्तरीची, काटक बाई. मी कप घेतला आणि बशीत चहा सांडला. पुन्हा धरला, पुन्हा सांडला.

तिने कप माझ्या हातातून परत घेतला. "पोरी, तुजे हात कापतान," ती म्हणाली. "बस आदी."

मी हातांकडे पाहिलं. उतरून पाऊण तास झाला होता. मला वाटत होतं की मी अगदी शांत आहे. पट्टा मोजत होते, बॉसशी बोलत होते. हात मात्र थरथरत होते आणि मला ते दिसलेसुद्धा नव्हते. मग मला आणखी काय दिसलं नसेल?

चहा बसून प्यायले. मग टिपरच्या मागे गेले.

"सर, मी उडवणार नाही. दुसरा पायलट पाठवलात तरी इंजिनिअर येईपर्यंत मी त्याला चावी देणार नाही. तुम्हाला हवं तर लेखी देते."

राण्यांचा आवाज खाली आला.

"विमानवाहतूक खात्याला कळवलं आहेस?"

"मेडे दिला होता सर. त्यांना माहीत आहे."

"पिंटोला पाठवतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पिंटो आमचा इंजिनिअर. तो अडीच वाजता जीपने पोहोचला. त्याच्या आधी एक वाजता रिक्षाने माझी आई आली. निजामपुऱ्यात कोणीतरी तिला सांगितलं होतं की तुमच्या पोरीचं विमान दिघाशीला पडलं. मी तिला फोन करून सगळं सांगितलं होतं, तरी ती आलीच. मला वरून खालपर्यंत चाचपलं. मग विमानाला एक फेरी मारली. तिने ते पहिल्यांदाच जवळून पाहिलं होतं.

"एवढंसं?" ती म्हणाली. "मला वाटायचं, निदान एसटीएवढं तरी असेल."

डबा आणला होता. मी, सामंतकाका आणि भोईर, तिघांनी पंखाखाली बसून भेंडीची भाजी आणि चपात्या खाल्ल्या. काका चार चपात्या खाऊन तिथेच झोपले.

पिंटोने इंजिनावरचं झाकण काढण्याआधी मला विचारलं, "सकाळी रन-अपला कार्ब हीटचा, गरम हवेचा नॉब ओढला होतास?"

रन-अप म्हणजे उड्डाणाआधी जमिनीवर केलेली तपासणी. गरम हवा आत गेली की आरपीएम थोडे उतरतात, त्यावरून नॉब काम करतो हे कळतं.

"ओढला होता. शंभर उतरले."

"आणि इथे स्टार्ट केलंस तेव्हा?"

इथे मी नॉबला हातच लावला नव्हता. इंजिन चालू झालं या आनंदात सगळ्यांत साधी तपासणी मी विसरले होते. नेमकी हवी होती ती एकच.

त्याने इंजिन चालू करून नॉब ओढला. काटा जागचा हलला नाही. झाकण काढल्यावर मग पिंटोने बोट दाखवलं. गरम हवा नेणारी जाडशी नळी एका टोकाने निखळून लोंबत होती. तिची पट्टी तुटली होती. हवेत कधीतरी सुटली असणार. मी नॉब ओढत होते आणि गरम हवा इंजिनाला शिवतसुद्धा नव्हती.

"आत्ता उडाली असतीस तर," पिंटो म्हणाला, "जुहूला उतरायला पॉवर कमी केली असतीस. खाडीवरच्या दमट हवेत. मग?"

मग खाली एकतर खाडी होती, नाहीतर घरं. मुरूम टाकलेला पट्टा तिथे कोणी ठेवला नव्हता. पण त्या दिवसात पहिल्यांदाच मला पूर्ण मोकळा श्वास घेता आला.

पुढचं थोडक्यात. तिथून उडवायला खात्याने परवानगी दिली नाही, म्हणून चार दिवसांनी पंख काढून विमान ट्रेलरवरून नेलं. अंबाडी नाक्यावर ट्रॅफिक तुंबला आणि लोकांनी पंखांसोबत फोटो काढून घेतले. खात्याकडून माझी चौकशी झाली. अधिकाऱ्यांनी माझं लायसन्स ठेवून घेतलं, तीन तास प्रश्न विचारले आणि शेवटी ते परत केलं. भोईरांनी नुकसानभरपाई मागितली नाही, उलट रोलर पुन्हा फिरवावा लागला नाही हे पाहून खूश झाले. राणे मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "नळी सापडली ते बरं झालं." माफी त्यांनी मागितली नाही, मीही अपेक्षा ठेवली नव्हती. पुढच्या महिन्यापासून रन-अपच्या यादीत त्या नळीची पट्टी हाताने ओढून पाहायची, अशी एक ओळ मात्र वाढली. अक्षर त्यांचंच होतं.

तीन आठवड्यांनी आसपासच्या गावांवरच्या राहिलेल्या रेघा मारायला निघालो, तेव्हा सामंतकाका आपणहून माझ्याबरोबर आले. मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण तुझ्याबरोबर जाईन."

"नीट उतरवलं म्हणून?"

"उतरवणारे बरेच असतात," ते पट्टा बांधत म्हणाले. "तू परत उडवलं नाहीस म्हणून."

आता मी नव्या मुलांना शिकवते. इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे त्यांच्या पुस्तकात पानंच्या पानं लिहिलेलं असतं. ते इंजिन स्वतःहून पुन्हा चालू झालं तर काय करायचं, यावर फारसं काही नसतं. म्हणून ते मी तोंडी सांगते. चावी खिशात ठेवायची, खाली बसायचं, कोणी चहा दिला तर घ्यायचा आणि इंजिनिअरची वाट बघायची. बॉसचा फोन चहा संपल्यावर उचलला तरी चालतो.