गाळातला दांडगा म्हसोबा

आमच्या मालकांना, बिभीषणरावांना, जन्मात एकच नाद: धोंडं बघत बसायचा. तिसगावच्या अंगाला डोंगरातनं ओढा जिथं बाहेर पडतो, तिथंच आमचं रान. पानी घळीतनं मुसंडी मारत येतं, मोकळं रान दिसलं की पसरतं आन् दमतं. दमलं की आधी मोठं धोंडं टाकतं, मग खडी, मग वाळू, गाळ शेवटाला. एक वाट बुजली की पानी दुसरी धरतं. असं करत सगळं रान सुपागत पसरलंय. हे मी लग्नापास्नं रोज जेवनाला ऐकते. ऐकते कसली, भाकरी थापते.

वाटनीत वरलं धोंड्यांचं रान आमाला, खालचा गाळ धाकल्या दिराला, श्रीमंत भावजींना. मधी म्हसोबा. सासऱ्यांनी पंचांम्होरं ठरवलं हुतं, म्हसोबा बसंल तिथं हद्द. भावजींची ज्वारी पुरुषभर, आन् आमी दरसाल कोयता घिऊन उसाला. माझी कंबर गेली. मला औंदा जायचंच न्हवतं.

पूर आला, म्हसोबा गायब. मानसं बाजाराला गेली तवा मी एक दांडगा धोंडा पहारीनं ढकलत भावजींच्या गाळात नेला, शेंदूर फासला, नारळ फोडला. झाला की अर्धा गाळ आमचा!

पंच आले, हात जोडले. भावजी रडाय लागले. आन् आमचं येडं म्होरं झालं.

“ह्यो म्हसोबा न्हाई. येवढं वझं पानी इथवर आनीलच कसं? इथं ते दमल्यालं असतं. देव जाग्यावरच हाय, वर खडी बसलीय.”

अगं बया! ह्यांनी हद्दीवरच्या जुन्या लिंबापास्नं पावलं मोजून खांदलं. छातीइतक्या खड्ड्यात म्हसोबा निघाला, तसूभर हलला न्हवता.

पर माझ्या धोंड्याचं काय? शेंदूर लागला, नारळ फुटला. त्याला उचलून टाकायची कुनाची छाती? पंचांनी निकाल दिला, दोन म्हसोबांच्या मधलं रान देवाचं, तिथं कुनी नांगर घालायचा न्हाई.

दिवाळी झाली तसं उसाच्या ट्रॅक्टरवर आमी दोघं, आन् औंदा भावजी आन् माझी जाऊ विजयमालाबी. ती माझ्याकडं बघंना. लई वंगाळ वाटलं मला.

वाटंत मी ह्यांना हळूच इचारलं, “तुमाला ठावं हुतं, म्याच ठिवला?”

“व्हय. तुज्या अंगठ्याला शेंदूर हुता की.”

“मग गप बसायला काय झालं हुतं?”

“ईस वर्सं सांगतूया, सुरेखा, पर तू ऐकशील तर शपथ. गोटा बारका घ्यायचा हुतास. पुरात झिजला म्हनून मीच पंचांना पटवलं असतं.”